आत्याचा मान

"ताई, आज आत्या तुम्हीच व्हायचं बरं का," असं म्हणून उन्नतीने हळदीकुंकवाची पुडी कामिनीच्या टेबलावर ठेवली आणि उत्तराची वाट न बघता ती पुढच्या टेबलाकडे निघूनही गेली. एचआरमधली ही पोरगी नेहमी अशीच बोलायची, विचारल्यासारखं करून सांगायची. कामिनीचा हात माऊसवर होता तो तसाच राहिला. स्क्रीनवर कुठल्याशा गावच्या माणसाचा मृत्यूचा दाखला उघडा होता. तिने पुडी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. मग वाटलं, हळदीकुंकू असं स्टेपलर आणि डिंकाच्या बाटलीशेजारी टाकू नये, म्हणून परत काढली, आणि काढल्यावर ती कुठे ठेवावी हे काही तिला सुचेना.

बारसं रोबोटचं होतं. नागपूरच्या मिहानमधल्या ह्या काचेच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका विमा कंपनीचे मृत्युदावे निकाली निघायचे. विदर्भातल्या, छत्तीसगडातल्या गावोगावी मेलेला माणूस इथे कागद होऊन यायचा आणि सिस्टीममध्ये एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकत राहायचा. कुणी दाखला तपासायचं, कुणी पॉलिसी जुळवायचं, कुणी वारस बघायचं, आणि मंजूर की नामंजूर हे शेवटी कामिनी ठरवायची. येत्या सोमवारपासून ह्या सगळ्या टेबलांवर एकटा रोबोट बसणार होता; बायकांना मात्र सांगितलं होतं, तो मदतीला येतो आहे. रोबोट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तसला हातपायवाला नव्हे. नुसता एक प्रोग्रॅम, दिसायला काहीच नाही. पण त्याला कर्मचारी क्रमांक मिळाला होता, लॉगिन मिळालं होतं, ईमेल मिळाला होता. नाव तेवढं राहिलं होतं. पुण्याच्या ऑफिसने म्हणे त्यांच्या रोबोटचं नाव केक कापून ठेवलं, मग नागपूर मागे कसं राहील? उन्नतीने गांधीबागेतून झालरीचं कापड आणलं, मंडपवाल्याकडून लाकडी पाळणा भाड्याने आणला, आणि सकाळीच तो कॅन्टीनमध्ये टांगूनही झाला. मेलेल्या माणसांचे कागद हातावेगळे करणाऱ्या यंत्राला पाळण्यात घालायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं, आणि निघालं तेव्हा त्याच्या आईने त्याला दोन थोबाडीत का दिल्या नाहीत, असं कामिनीच्या मनात आलं. मनात आलं आणि मनातच राहिलं. हल्ली तिचं सगळं मनातच राहत होतं.

आत्या. एकदा खरंच व्हायचं होतं की तिला. धर्मेंद्रला, तिच्या धाकट्या भावाला, मुलगी झाली तेव्हा सख्खी आत्या म्हणून ती एकटीच होती. बारशाच्या दिवशी ती हिरवी साडी नेसूनच ऑफिसला आली होती, दुपारी परस्पर निघायचं म्हणून. पण मार्चअखेर होती. तेव्हाचे साहेब टेबलाशी आले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बघा बाई, तुमच्याशिवाय हे निघायचं नाही." तुमच्याशिवाय! ह्या एका शब्दावर तिने किती दुपारी, किती सणवार ओवाळून टाकले असतील. त्या वयात तो शब्द पेढ्यासारखा लागायचा, आणि खरं सांगायचं तर ह्या वयातही लागतोच. ती भावाकडे पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पाळण्यावरची फुलं मलूल पडली होती आणि कुणा लांबच्या बहिणीने नाव ठेवून टाकलं होतं. धर्मेंद्र दारातच म्हणाला, "आली का वं ताई? बस, घुगऱ्या ठेवल्या आहेत तुह्यासाठी." रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही, त्याने पाट मांडला, आणि ती गार घुगऱ्या खात बसली. त्या पोरीला आता बारावीचं वर्ष लागलं आहे. फोनवर आत्याचा आवाज ऐकला की ती नीट, अदबीने म्हणते, "बाबांना देऊ का?" आणि देते.

एसीचा गारवा मानेवर उतरत होता. समोरच्या काचेतून विमानतळाकडची उजाड जमीन दिसायची, उन्हाने पांढरी पडलेली, आणि त्या काचेत कामिनीचा स्वतःचाच चेहरा अर्धवट दिसायचा. ह्याच काचेकडे पाठ करून साहिल महिनाभर तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. मुंबईच्या हेड ऑफिसचा माणूस, तिशीतला, गोड बोलणारा. त्याने तिच्या कॉम्प्युटरवर काहीतरी बसवलं होतं आणि ते तिची प्रत्येक हालचाल टिपत होतं. कुठे क्लिक केलं, कुठे थांबली, कुठला कागद दोनदा उघडला. सेक्शनमधल्या बायकांना तिने सांगितलं, ऑडिट आहे. बायकांनी विश्वास ठेवला, कारण कामिनी सांगत होती. ती काम करायची आणि साहिल विचारायचा, "मॅडम, हे का? आता ते का?" तिला इतक्या वर्षांत कुणी असं विचारलंच नव्हतं. घरी नवऱ्याला तिचं ऑफिस म्हणजे डबा आणि बस एवढंच ठाऊक. मुलगा हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला. आणि हा परका माणूस तिच्या बोटांकडे इतकं मन लावून बघत होता की ती खुलली, चक्क खुलली. स्वतःहून सांगू लागली. खोटा दाखला कसा ओळखायचा, डॉक्टरच्या सहीत काय बघायचं, दावा कुठे अडतो. आपण कुणाला तरी आपला वारसा देतो आहोत असं तिला वाटत होतं. वाटणारच. आपण कशाला जन्म देतो आहोत हे कळण्याइतकी ती दूधखुळी नव्हती, पण कळलं नाही असं दाखवण्याइतकी हुशार नक्कीच होती.

एक दिवस तो अडला. दावा नामंजूर करण्याआधी ती फोन उचलायची आणि त्या घरी लावायची. पलीकडे कुणी बाई असायची, बहुतेक वेळा बाईच असायची, आणि कामिनी तिला तिच्या बोलीत विचारायची, बाई, अमुक कागद आहे का वं तुह्याजवळ, तो पाठवून दे, मी थांबतो. सेक्शनमध्ये सगळ्याच बायका असं करायच्या. तिची मैत्रीण सत्यवती तर अर्धा अर्धा तास बोलायची, पलीकडची रडली की हिचाही आवाज भिजायचा. हे कुठल्या नियमात नव्हतं. साहिलने विचारलं, "मॅडम, ह्या स्टेपला कुठला रूल आहे?" ती म्हणाली, "रूल काही नाही. सवय आहे." तो म्हणाला, "मग काढून टाकू?" कामिनीने एकदा फोनकडे पाहिलं. त्या क्षणी ती म्हणू शकली असती की काढू नका, हीच तर ह्या कामातली एक धड गोष्ट आहे. पण शेजारी कौतुकाने बघणाऱ्या माणसापुढे आपण बावळट दिसू असं तिला वाटलं. "काढा," ती म्हणाली, आणि त्याने ती काढली. एवढ्याने झालं.

आणि साहिल येण्याच्याही आधी, मॅनेजर जितेंद्र सरांच्या केबिनमध्ये, सरांनी दार लावून घेतलं होतं. सेक्शनमध्ये एकच जागा राहील, ते म्हणाले, रोबोटवर देखरेख ठेवायला. तुम्ही, नाहीतर सत्यवती. तुम्ही त्याला शिकवायला तयार असाल तर तुम्हीच. फक्त बाकीच्यांची कामावरून कमी केल्याची पत्रं निघेपर्यंत कुठे ब्र काढायचा नाही, लोक आधीच पांगले तर सगळंच फसेल, मग तुमचंही काही सांगता येत नाही. माणसं अशा वेळी निदान 'विचार करून सांगते' तरी म्हणतात. कामिनीने तेवढाही वेळ घेतला नव्हता. केबिनबाहेर आली तेव्हा सत्यवतीने तिच्यासाठी चहा झाकून ठेवला होता, त्यावर साय धरली होती, आणि तो तिने सायीसकट पिऊन टाकला. पैशाचा प्रश्न नव्हता. बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये नवराबायकोचं बरं चाललं होतं. पण त्या फ्लॅटच्या गॅलरीत सकाळी दहा वाजता, हातात काही नसताना उभी असलेली आपण, हे चित्र तिला सहन व्हायचं नाही. 'तुमच्याशिवाय' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

दुपारी नेहमीसारख्या कामिनी आणि सत्यवती डबे घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. पाळणा तिथून दिसत होता. झालर लावलेली, आत गादी, गादीवर अजून काही नाही.

"काय वं आत्याबाई," सत्यवती डबा उघडत म्हणाली, "साडी तं चांगली घालून यायची होती. सेक्शनचं पयलं लेकरू आहे."

कामिनी हसली.

"मी म्हणतो, ह्या लेकराची माय कोण आहे? बाप मुंबईले बसला आहे, ते समजलं. पण कोणाजवळ तरी शिकलं असन ना ते? पोटातूनच शिकून येते का कोणी?"

"मले काय माहीत," कामिनी म्हणाली.

"तुले नाही तं कोणाले माहीत असन?" सत्यवतीने तिच्या डब्यातलं वांगं उचलून आपल्या पोळीवर घेतलं. तिच्या बोलण्यात काडीचा संशय नव्हता. संशय कसा घ्यायचा हे सत्यवतीला कधी जमलंच नाही. दावे तपासतानासुद्धा तिला ते जड जायचं. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं, सासू अंथरुणाला खिळलेली, लेक नर्सिंगला, आणि तरी ही बाई जेवताना अशी हसायची की बाजूच्या टेबलावरचे वळून बघायचे. "ते जाऊ दे. तो दवाखाना आहे ना, वर्धा रोडचा, बिलिंगची जागा म्हणत होते? त्याइचा सकाळी फोन आला होता. आज पाच वाजेपर्यंत हो का नाही ते सांगा म्हणे, नाही तं दुसरीले देऊन राहिले. सांगून देतो मी नाही म्हणून. बरोबर ना?"

कामिनीच्या तोंडात घास होता. तो तिने चावला, खूप वेळ चावला. वांग्याला काही चव नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी सत्यवतीने हेच विचारलं होतं आणि तेव्हा कामिनी म्हणाली होती, कशाला जाते, आपला सेक्शन कुठंच जात नाही. जितेंद्र सरांचं बंद दार तेव्हा डोळ्यांसमोर होतं, त्या दाराला घाबरून म्हणाली होती. आता आज, ह्या घटकेला, एक वाक्य पुरेसं होतं. हो म्हणून सांग त्याइले. बस. कारण सांगायचीही गरज नव्हती, सत्यवतीने कारण विचारलंही नसतं. वाक्य जिभेवर आलं, त्याचं वजनसुद्धा तिला जाणवलं. मग तिला मनातल्या मनात दिसलं की सत्यवती खुशीत खाली पळते आहे, सगळ्यांना सांगते आहे, कामिनीने सांगितलं म्हणून, आणि चारच्या आत सगळ्या सेक्शनला कळलं आहे.

"तुह्यं तू पाह ना," ती म्हणाली.

"पाहतो म्हणजे? तूच तं म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतं."

"मंग झालं," सत्यवती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

जेवणानंतर कामिनी जागेवर येऊन बसली. काचेपाशी उभी राहून सत्यवती फोनवर बोलत होती. तिच्या पाठीवरून कळत होतं की ती बोलताना हसते आहे. नाही म्हणतानाही तिला समोरच्याला बरं वाटायला हवं असायचं. कामिनीची खुर्ची आणि ती काच ह्यांच्यामध्ये फार तर तीन टेबलं होती. उठावं, तिच्या हातातून फोन घ्यावा. पाय जमिनीवर होते, गुडघे शाबूत होते. तिने समोरचा दावा उघडला, बंद केला, परत उघडला. सत्यवतीने फोन ठेवला, वळली आणि लांबूनच हाताने खूण केली, झालं. कामिनीनेही मान हलवली. आपण मान का हलवली हे तिला पुढे बराच वेळ कळेना. जणू तिच्याच सांगण्यावरून एक काम मार्गी लागलं होतं.

चार वाजता सगळे कॅन्टीनमध्ये जमले. रोबोट म्हणून पाळण्यात ठेवायच्या लॅपटॉपला झबलं शिवलं होतं, टोपडंही होतं. उन्नतीने मोबाईलवर पाळण्याचं गाणं लावलं आणि बायकांना म्हणाली, तुम्हीपण म्हणा ना. दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, लॅपटॉप पाळण्याखालून गेला आणि वरून परत आला, कुणीतरी ओरडलं, चार्जर काढा आधी, हसू फुटलं. ते हसू खरं होतं, आणि तेच कामिनीला बघवेना. सोमवारी ज्यांना पत्रं मिळणार त्याच बायका त्या यंत्राला झोके देत होत्या, एकीने तर दृष्ट काढली. सत्यवती सगळ्यांत पुढे होती. "नाक कोणावर गेलं पाहा," ती म्हणत होती.

मग जितेंद्र सर बोलले. कंपनीची वाटचाल, नवं युग, हे यंत्र म्हणजे कुणाचा शत्रू नव्हे, घरातलंच लेकरू आहे. उन्नतीने एक चिठ्ठी उघडली. "आणि आमच्या लाडक्या बॉटचं नाव आहे..." ती थांबली, तिने सगळ्यांवरून नजर फिरवली, "कामिनी! कारण आपल्या कामिनीताईंनीच तिला एक एक गोष्ट शिकवली. महिनाभर! साहिल सर म्हणतात, ती अगदी ताईंसारखीच काम करते. आणि आता ताईच तिला सांभाळणार आहेत."

जितेंद्र सरांनी तिला डोळ्यांनी दटावलं, पण तोवर सांगून झालं होतं. उन्नती आणि दोन-चार नव्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणाचा हात हलला नाही. पाळणा आपला कुरकुरत राहिला.

"अवं, जित्या माणसाचं नाव नाही ठेवत लेकराले," मागून शोभाताई म्हणाल्या. सेक्शनमध्ये त्या वयाने सगळ्यांत मोठ्या. "गेलेल्याचं ठेवतात."

"काकू, ट्रिब्यूट आहे ना तो," उन्नती हसत म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. पाळणा, टोपडं, घुगऱ्या, सगळं तिने हौसेने जमवलं होतं, आणि आजीचं नाव नातीला मिळतं ते आजी गेल्यावर, एवढं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

कामिनीने सत्यवतीकडे पाहिलं. बघायला नको होतं, पण पाहिलं. सत्यवतीच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, फक्त डोळे त्यातून निघून गेले होते. ती एक एक गोष्ट जुळवत होती, दाखला आणि पॉलिसी जुळवावी तशी, सावकाश. ऑडिट, साहिल, कुठंच जात नाही, तुह्यं तू पाह. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजले नव्हते. तिने हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तो पर्समध्ये ठेवून दिला. आता तिथे फोन करून काय होणार होतं, तिने नाही म्हटल्याबरोबर जागा दुसरीला गेली असणार.

"ताई, कानात, कानात," उन्नती म्हणाली. लॅपटॉपला कान कुठला? मायक्रोफोनचं बारीक भोक होतं, तिथे तिने कुंकवाचं बोट टेकवून खूण केली होती. कामिनी पाळण्याशी गेली. अजूनही काही म्हणता आलं असतं. मी नाही ठेवत हे नाव, एवढं तरी. ती वाकली. लॅपटॉपची ऊब तिच्या गालाला लागली, गरम प्लॅस्टिकचा आणि हळदीचा वास आला, आणि तिला एकदम किळस आली, यंत्राची नव्हे, स्वतःच्या तोंडाची. ह्याच तोंडाने ती गावागावातल्या बायकांना म्हणायची, मी थांबतो. "कुर्र," ती म्हणाली, आणि मग स्वतःचं नाव. स्क्रीनवर एक हिरवी रेघ उठली आणि खाली बसली. कुणीतरी दुसरं बोलावं तसं ते नाव तिला परकं ऐकू आलं.

"आता आत्याच्या पाठीत!" उन्नती ओरडली.

नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, चेष्टेची रीत, हात लागला न लागला असा. पहिला धपाटा शोभाताईंचा. तो चेष्टेतला नव्हता. कामिनीचं कपाळ पाळण्याच्या कठड्यावर आपटलं. मग वारस बघणाऱ्या जिजाबाई आल्या, मग दावे नोंदवणारी, मग पॉलिसी जुळवणारी. कुणी हसत नव्हतं; एकीचा हात खाली यायचा, पाठीत घुमायचा, आणि दुसरी पुढे सरकायची. बांगड्यांवरून तिला प्रत्येक हात ओळखू येत होता. उन्नतीला ते सगळं फारच रंगल्यासारखं वाटत होतं, ती व्हिडिओ काढत होती. कामिनीने कठडा घट्ट धरला. दुखत होतं, आणि दुखत होतं त्याचं तिला बरं वाटत होतं, प्रत्येक धपाट्यागणिक काहीतरी थोडं थोडं फिटल्यासारखं. ती एकाच हाताची वाट बघत होती. तो आला की मोडेन मी, तिला वाटलं, आणि मोडायलाच हवी. तिने पाठ आणखी वाकवली.

सत्यवती आली. तिच्या बांगड्या कानाशी किणकिणल्या, पाळण्याच्या अगदी जवळ. कामिनीने डोळे मिटले. सत्यवतीने सरकलेलं टोपडं नीट केलं, पाळण्याला एक हलका झोका दिला, आणि तिची पावलं दाराकडे निघून गेली. बायका घुगऱ्यांच्या द्रोणांकडे पांगल्या. कठडा कामिनीच्या हातात होता, झोका तिथेच अडला. ती वाकलेलीच होती.

"ताई, उठा ना, झालं सगळं," उन्नती म्हणाली. "फोटो काढायचा आहे."

"थांब वं," कामिनी म्हणाली. "एक राहिला आहे अजून."